सुवर्णा टीचरचा लांब शब्द

आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरच्या एका खासगी शाळेत सुवर्णा इंग्रजी शिकवायची. शनिवारचा शेवटचा तास मुलांच्या आवडीचा. ती फळ्यावर तीन-चार अक्षरं लिहायची आणि ती सगळी ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायला सांगायची. एकदा तिने पी, एन आणि एस दिले. मुलं ‘स्पून’वर खूश होऊन बसली, तर हिने ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ लिहिता लिहिता अख्खा फळा भरला. घरी तेलुगू बोलणारी, मराठी बोलणारी, गोंडी बोलणारी, सगळी पोरं एका सुरात ओरडली होती.

मग हिवाळ्यात एका सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात परातीत तसाच पडून राहिला. नवऱ्याला हाक मारायला गेली तर तोंडातून भलताच आवाज निघाला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय. उजवा पाय हळूहळू सुधारला, भिंत धरून ती चालू लागली; हात लुळाच राहिला. बोलणं मात्र गेलं. उरले दोनच शब्द, “तेच ना.” पाणी हवं असलं तरी तेच ना, डोकं दुखलं तरी तेच ना. समोरच्याचं सगळं तिला कळायचं. काय म्हणायचं तेही मनात असायचं. पण ओठ उघडले की ते दोनच शब्द बाहेर पडायचे, आणि ते ऐकून तिची तिलाच शरम वाटायची.

बासरच्या कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी पूनम फोनवर बापाला म्हणाली, “बाबा, आईसंगं तिचाच खेळ खेळा. त्यातूनच येतील शब्द.”

सुवर्णाचा नवरा रविकांत भाजीपाला पिकवणारा माणूस. इंग्रजीशी त्याची ओळख फवारणीच्या बाटल्यांवरची. पण पुढच्याच आठवडी बाजारात त्याने वांगी विकली आणि प्लास्टिकची रंगीत अक्षरं घेऊन आला. रोज दुपारी मळ्यातून आला की पाय धुवायचा आणि तिच्या बाजेवर अक्षरं मांडायचा. एक दिवस त्याने जी, एल, यू, सी अशी चार अक्षरं ठेवली.

“सांग, कोणता वर्ड?”

सुवर्णाने पाहिलं. शब्द होता. लांब होता, तिला त्याची लांबी जाणवत होती, कुठे जाडजूड आहे तेही जाणवत होतं. ‘अॅग्रिकल्चर’. तिने डावा हात पुढे केला आणि ढिगातून ए उचलून जीच्या आधी ठेवला. पुढचं अक्षर शोधेपर्यंत सगळा शब्द विरघळून गेला.

तेवढ्यावरच रविकांत उठून उभा राहिला. “जमलं! जमून राह्यलं तुले!”

त्या आनंदात तो शाळेत जाऊन सांगून आला. हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, “शनिवारी आणा टीचरला. मुलं आठवण काढतात.”

सुवर्णाला जायचं नव्हतं. तिने मान हलवली, हात झटकला. “तेच ना, तेच ना,” म्हणाली. रविकांतला वाटलं, ती हरखलीय. त्याने तिची ठेवणीतली साडी काढली, निऱ्या त्याला जमेनात म्हणून शेजारच्या लक्ष्मीबाईंना बोलावलं, आणि तिला गाडीवर मागे बसवून शाळेत घेऊन गेला.

तिच्या जागी आलेली भाग्यलक्ष्मी टीचर अदबीने बाजूला झाली. फळ्यावर चार अक्षरं लिहिलेली होती. तीच, घरची. रविकांत आधीच सांगून आला होता. मुलं ओरडत होती, “ग्लुकोज! ग्लुकोज!” भाग्यलक्ष्मी म्हणाली, “याच्यापेक्षा लांब टीचर सांगतील.”

खडू तिच्या डाव्या हातात आला. पाठीमागे वर्ग चिडीचूप झाला. तिने ए लिहिला. जी लिहिला. मग पुन्हा ए, पुन्हा जी. हात तिचं ऐकेना. एजीएजीएजी अशी वेडीवाकडी रांग फळ्यावर चालत गेली. आपण चुकतोय हे तिला स्पष्ट दिसत होतं. थांबता येत नव्हतं. वळून तिने मुलांना सांगायचा प्रयत्न केला.

“तेच ना.”

मागच्या बाकावर कोणी तरी फिसकन हसलं. पहिल्या बाकावरचा नागसेन झटकन उठला, तिच्या हातातला खडू त्याने हळूच घेतला आणि खाली अख्खा शब्द लिहिला. “टीचरचा वर्ड हाच होता,” तो म्हणाला. “मले कळला.”

सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. तान्हं मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा घरचे वाजवतात तशा. सुवर्णाने फळ्याला हात टेकला. तिने पदर चाचपला, पण तो डाव्या हाताला सापडला नाही, आणि डोळ्यांतलं पाणी चाळीस पोरांसमोर तसंच गळत राहिलं.

परत येताना रविकांत गाडीवर मोठमोठ्याने बोलत होता. “किती टाळ्या वाजवल्या पोराईनं! पुढच्या शनिवारी परत जाऊ.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने अक्षरं मांडली. तिने हाताने ती खाली लोटली. त्याने वेचून पुन्हा मांडली. तिने पुन्हा लोटली.

“काऊन अशी करून राह्यली?” तो चिडला. “मी रोज मळा टाकून येतो, कोणासाठी येतो?”

ते दोन शब्दही तिने दातांमागे दाबून धरले. तोंड घट्ट मिटून ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता रविकांतचा चेहरा उतरला. तो जमिनीवर बसला. “मलेच पायजे होतं,” तो म्हणाला. “तू बोलावं, हे मलेच पायजे होतं.”

त्या दिवसानंतर त्याने अक्षरं मांडली नाहीत. दुपारी मळ्यातून यायचंही कमी झालं. आला तरी जेवायचा, तिला भरवायचा, आणि उठायचा. घरात आता त्याचाही आवाज फारसा ऐकू येईना.

एका संध्याकाळी पूनमचा फोन आला. रविकांतने सवयीने फोन सुवर्णाच्या कानाला लावला. “आई, आज कोणता वर्ड काढला?” लेक विचारत होती. “सांग ना, आई. काई पण सांग.”

सुवर्णाने मान फिरवली. डाव्या हाताने फोन त्याच्याकडे सारला.

रविकांतने तो कानाला लावला. समोर सुवर्णा बाजेवर बसली होती, डोळे उघडे.

“झोपली हाय, बेटा,” तो भिंतीकडे बघत म्हणाला.