दिलेला मुलगा

विहंग तीन वर्षांचा असताना मेंदूज्वरानं चार दिवस डोळे उघडेना. तेव्हा त्याच्या आईनं, प्रमोदिनीनं, देवाला शब्द दिला, हा वाचला तर तुझ्या सेवेला वाहीन. नवस आपल्या ख्रिस्ती लोकांत चालत नाही, हे चर्चच्या पाळकांनीच शिकवलेलं. म्हणून तिनं त्याला अर्पण म्हटलं, एवढंच. पोरगा वाचला. मंडळीनं ते इतकं मनावर घेतलं, की दर वाढदिवसाच्या रविवारी पाळकसाहेब त्याला पुढं उभं करून 'हा देवाला दिलेला मुलगा' म्हणून दाखवायचे. मग सगळे केक खायचे.

आता तो सव्वीस वर्षांचा, कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला. अशात गडचिरोलीच्या जंगलातल्या मिशन दवाखान्यातून निरोप आला, कायमचा राहील असा माणूस हवा. पाळकसाहेबांना लगेच दिलेला मुलगा आठवला. विहंगनं राजीनामा लिहिला.

प्रमोदिनीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दुःखही झालं नाही. धंतोलीत तीस वर्षं नर्स म्हणून तिनं ऑपरेशनआधी सुन्न केलेले पाय पाहिले होते. सुई टोचली तरी पेशंट छताकडे बघत पडून राहायचा. तिचं तसंच झालं होतं.

शनिवारी विहंग शर्टांना इस्त्री करत होता. तुले जावंसं वाटते का, असं तिनं सहज विचारलं.

"मले काहीच वाटत नाही, आई. तू शब्द दिला होता, म्हणून जाऊन राहिलो."

एवढं बोलून त्यानं कॉलर उलटली. तेवीस वर्षांत आपण त्याला हे कधी विचारलंच नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. नुसतं कळलं.

रविवारी विहंग वेदीपुढं गुडघे टेकून बसला. रीत अशी, की घरच्यानं डोक्यावर हात ठेवून 'मनापासून देते' म्हणायचं, मग मंडळीनं आमेन. प्रमोदिनी हात न उचलता उभीच राहिली. पाळकसाहेबांनी दोनदा खाकरून पाहिलं.

"साहेब, हा माझा नव्हता द्यायले," ती म्हणाली. वॉर्डात सलाइन बदलल्याचं सांगावं, तसा आवाज. "शब्द मी दिला, तर मीच जाईन. तिथं माणूसच पाहिजे न? मले काम येते."

पाळकसाहेबांनी तिचं वय काढलं, दुखरा गुडघा काढला, तिथले रस्ते काढले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लेकाशेजारी खाली बसली. गुडघा दुखलाच. विहंग उठून उभा राहिला.

"आई, तिथं कशी राहशील वं तू?"

"तू राहिला असता, तशीच."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मंडळी आमेन म्हणायला थांबली होती. पण 'मनापासून देतो' हे काही त्याच्या तोंडून येईना. ज्याला काहीच वाटत नव्हतं तो पोरगा सगळ्यांदेखत ढसाढसा रडत होता.