माझ्या डाव्या बटणावरची पट्टी

मी एक जुना पॉवर प्रेस आहे, आणि मला उद्यापर्यंतचाच वेळ आहे. उद्या मला तोडून जालन्याच्या भट्टीत वितळवणार आहेत. मरण समोर आलं की मागचं सगळं आठवतं असं माणसं म्हणतात. मित्रांनो, मला मात्र एकच दिवस आठवतो.

माझा जन्म राजकोटचा. तिथून मला वाळूजच्या एका लहान शेडमध्ये आणलं. माझ्या बाजूला एक जड चाक आहे. ते फिरलं की त्यात शक्ती साठते, आणि ती खाली उतरली की तीन मिलिमीटरचा पत्रा बिस्किटासारखा तुटतो. एकदा उतरायला लागलो की मला मध्येच थांबता येत नाही. म्हणून मला दोन बटणं दिली होती. दोन्ही एकदम दाबली तरच मी चालायचो. दोन्ही हात बटणांवर असले, की माझ्या दाढेत एकही हात नसणार.

करमाडचा सांडू माझ्यावर काम करायचा. शिफ्टच्या सुरुवातीला तो दोन्ही बटणं पुसायचा आणि एकेक दाबून बघायचा. एकट्या बटणानं मी हललो नाही, की मगच कामाला लागायचा. सगळे त्याचं कौतुक करायचे, आणि माझंही.

एकवीस वर्षांपूर्वी खंडेनवमीला माझी पूजा झाली. झेंडूचा हार घातला, दोन्ही बटणांना हळदकुंकू लावलं. एरवी त्या दिवशी मशिनं बंद असतात, पण काम तातडीचं होतं. सुपरवायझर रामकिसन स्वतः माझ्यावर बसला. एक हात मोकळा राहिला तर पत्रा भराभर सरकवता येतो, म्हणून त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून डावं बटण दाबून बांधलं. माझ्या गळ्यातला हार त्यावर घसरला. पट्टी दिसेनाशी झाली. मग तो प्रसाद घ्यायला गेला आणि विसरला.

दुपारी सांडू आला. पूजेचं हळदकुंकू त्याच दिवशी पुसायचं नसतं, म्हणून त्यानं बटणं पुसली नाहीत, दाबूनही पाहिली नाहीत. फक्त मला नमस्कार केला.

डावं बटण तो हारावरूनच दाबत राहिला. थोड्या वेळानं पत्रा अडकला. उजवा हात बटणावर टेकवून त्यानं डावा आत घातला. दुसरं बटण सुटं असताना मी उतरणार नाही, याची त्याला खात्री होती. वाकताना उजव्या हातावर भार पडला. मी उतरलो.

चार बोटं पत्र्याच्या तुकड्यांबरोबर खालच्या डब्यात पडली. उरलेला पंजा माझ्या दाढेत अडकला होता. दोघांनी चाक हातानं उलटं फिरवून तो सोडवला. रक्त उडून हळद लाल झाली. रामकिसन धावत आला. सगळे सांडूकडे बघत असताना त्यानं पट्टी कापली, खिशात टाकली, आणि मग सांडूच्या हाताला टॉवेल गुंडाळत विचारलं, "डुलकी लागली व्हय रे तुला?"

अहवालातही तेच लिहिलं गेलं.

पुढं रामकिसननंच सांडूला गेटवर वॉचमन म्हणून लावलं. रामकिसनदादांनी पोटाला लावलं, असं सांडू येईल त्याला सांगायचा आणि दर दसऱ्याला त्याच्या पाया पडायचा. घरी बायको, आवडाबाई, राग आला की म्हणायची, झोपला नसता तर हात राहिला असता. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

मागच्या आठवड्यात बजाजनगरहून रिक्षा आली. द्वारकाबाईंनी नवऱ्याला, रामकिसनला, धरून आत आणलं. पोटात पाणी झालेलं, पाय सुजलेले. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले होते. माझ्यासमोर खुर्चीवर बसून त्यानं सांडूला गेटवरून बोलावून घेतलं आणि पट्टीपासून अहवालापर्यंत सगळं सांगितलं.

सांडूनं लोखंडी कांब उचलली. पहिला घाव माझ्या डाव्या बटणावर बसला, ते फुटून उडालं. दुसऱ्या घावानं खुर्चीचा हात मोडला. तिसऱ्याला कांब रामकिसनच्या डोक्यावर उगारलेली होती. द्वारकाबाई मध्ये आल्या.

"बाजूला व्हय," रामकिसन बायकोला म्हणाला. "मारू दे त्याला."

ते ऐकून सांडूचा हात खाली आला.

"तुला तेच पायजे," तो म्हणाला. "बोटांचं जाऊ दे. आवडी मरताना म्हणली, झोपला नसता तर. अन् मी व्हय म्हणलो. एकवीस वर्षांत मला ती डुलकी आठवायला लागली व्हती. डोळे मिटल्यालं आठवायचं मला."

रामकिसननं हात जोडले.

"हात नको जोडू. तू माझ्या आधी चाललास. वर गेला की पहिलं तिला गाठ. सांग तिला, सांडू जागा व्हता."

रामकिसन हो म्हणून मान हलवत राहिला. रिक्षात बसवेपर्यंत त्याची मान हलतच होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या मशीनचं सुरक्षेचं बटण कधी बांधू नका. आणि बांधलंत, तर ते कुणी बांधलं हे सांगायला इतका उशीर करू नका, की ज्यानं ते ऐकायला हवं होतं तेच माणूस उरलेलं नसेल.