ठशातल्या पक्ष्याची शेपटी

पात्याच्या मुळाशी, ते मुठीत शिरतं तिथं, पक्षी उभा होता—तांदळाच्या दाण्याएवढा, एका पायावर, मान वर केलेला—आणि चाकू जरा कलता केला की तो उजेडात नाहीसा व्हायचा, सरळ केला की पुन्हा हजर. पातं मिटलं की आत, उघडलं की बाहेर. सकाळपासून त्यानं हा खेळ इतक्यांदा केला होता की शेवटी आतून आईचा आवाज आला, "मोडूनच थांबणार आहेस का?"

काल संध्याकाळी चाकू घरी आणला तेव्हा तिनं तो हातातसुद्धा घेतला नव्हता. "एवढ्या मोठ्या कंपनीचा चाकू, आणि त्या गल्लीतल्या दुकानात? तुला काय, कुणीही टोपी घालावी." महिन्याभरात बंद पडलेलं घड्याळ त्यानंच आणलं होतं, पहिल्या वाऱ्यात उलटी झालेली छत्रीही त्यानंच. पण या चाकूबद्दल त्याला वाटत होतं... काय वाटत होतं? की निदान एकदा आपला डोळा खरा ठरावा. ठसे कोरणाऱ्याचा डोळा आहे, निव्वळ गिऱ्हाइकाचा नाही.

म्हणून आज त्यानं कामाच्या टेबलावरची रबरी शिक्क्यांची चळत बाजूला सारली. हल्ली कामं तीच—'पोहोचले', 'रद्द', 'खरी नक्कल'—यंत्रात घाला, यंत्रातून काढा. पोलादाचा ठसा हातानं कोरून घेणारं गिऱ्हाईक आता क्वचितच येतं, एखादा सोनार, एखादा कुलूपवाला. बाबांच्या वेळचा, पोलाद आवळून धरणारा शेगडा मात्र अजून टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेला होता, आणि खिडकीही तीच, दिवसभर एकसारखा उजेड देणारी.

चाकू त्यानं खिडकीसमोर आडवा धरला. पाठीची स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्या यांच्यामधून उजेडाचा धागासुद्धा येत नव्हता. मिटलेलं पातं बरोबर मधोमध, ना इकडे टेकलेलं ना तिकडे. नखाच्या खाचेत नख घालून ओढलं तर आधी ते हट्ट करायचं, मग अर्ध्यावर थबकायचं, आणि त्यानंतर जणू आपलं आपणच ठरवून उरलेला रस्ता जायचं—टक्! काय आवाज होता तो! दोन वेळा, चार वेळा... प्रत्येक वेळी तोच, एका तोलाचा. त्यानं छोटी विजेरी आणून मुठीच्या आत उजेड टाकला आणि पाहतच राहिला. स्प्रिंगची आतली बाजू, जी चाकू फोडल्याशिवाय कुणाला दिसणार नाही, ती आरशासारखी घासलेली होती. इथं कोण बघायला येणार होतं? कुणाला दाखवायचं होतं? कुणा अनोळखी माणसानं कुठल्याशा टेबलाशी बसून या अंधाऱ्या फटीसाठी आपली दुपार घालवली होती, आणि वर नाव कंपनीचं. त्याच्या अंगावर काटा आला. खरा आहे, त्याला वाटलं, असं काम खोटं असूच शकत नाही. आईला हाक मारायला त्यानं तोंडही उघडलं.

पण ठसा राहिला होता. तो त्यानं मुद्दाम शेवटी ठेवला होता, ताटातला आवडीचा पदार्थ ठेवावा तसा, कारण बाकी चाकूतलं त्याला ऐकून-वाचून कळत होतं, ठसा मात्र घरचा विषय. भिंग डोळ्याला लावलं, चाकू जवळ आणला आणि पक्षी एकदम मोठा होऊन समोर आला. पाय—केवढा बारीक, तरी कुठं तुटलेला नाही. पायाखाली पाण्याची एक लाट. ही लाट दुकानदारानं काल कौतुकानं दाखवली होती, "यंदापासून कंपनीनं घातलीय साहेब, जुन्या मालावर बघा, नाही सापडणार." मान, पंखांच्या तीन रेघा, आणि शेपटी...

शेपटी.

त्यानं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. खोक्यावर छापलेला पक्षी शेजारी धरला. तिथं शेपटी बोथट, सरळ कापल्यासारखी. पोलादावरच्या पक्ष्याची शेपटी शेवटाला निमुळती होत होत केसाएवढी राहिली होती आणि किंचित, अगदी किंचित, वर उचलली होती. म्हणजे चाकू नकली. झालं! आई पुन्हा एकदा बरोबर. हे सगळं त्याच्या मनात शब्दाशब्दानं उमटत होतं आणि तरी भिंग डोळ्यावरून हटत नव्हतं, कारण ही शेपटी त्याच्या ओळखीची होती.

ठसा उलटा कोरायचा असतो, म्हणजे ठोकल्यावर सुलटा उठतो. बाबा उजव्या हाताचे, मीही, तो मनात म्हणाला, आम्ही शेपटीकडून निघतो आणि चोचीशी संपवतो. दादा डावखुरा. तो चोचीकडून निघायचा आणि शेपटीशी संपवायचा. चित्र कसलंही असो, मासा, घोडा, पक्षी—मूळ आणि नक्कल शेजारी ठेवली तर बाबांनाही ओळखू येऊ नये असा त्याचा हात, फक्त शेवटची रेघ आली की त्याला धीर निघत नसे. पुरती व्हायच्या आत हात वर, आणि रेघेचं टोक निमुळतं, उचललेलं. "उठायची घाई," बाबा म्हणायचे, "ताटावरूनही आणि कामावरूनही." आणि दादा खरोखरच तोंडातला घास चावत दारापर्यंत पोचलेला असायचा, आई मागून ओरडत असायची, "अरे, पाणी तरी पी!"

एकदा एका कुलूपवाल्यानं त्याच्याकडून दुसऱ्याच कंपनीचा ठसा कोरून घेतला. बाबांनी तो पाहिला, बराच वेळ पाहिला, भिंग खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "काम उत्तम झालंय. आता घरातून नीघ." दादा निघाला. बाबा गेले तेव्हाही त्याला कळवायला पत्ता नव्हता. आणि मग मागच्या वर्षी कुणी दूरचा माणूस येऊन सांगून गेला—एका कारखान्याला आग लागली, रात्रपाळीची माणसं आत होती, तुमचा थोरला त्यांच्यात होता म्हणतात. आईनं पदराला हात पुसले आणि त्या माणसाला विचारलं, "जेवून जाता का?" नंतर कधीतरी तिनं दादाचे कपडे बांधून कुणाला तरी देऊन टाकले.

आग मागच्या वर्षी. लाट यंदाची. म्हणजे हा ठसा आगीनंतर कोरलेला.

तो उठला, पुन्हा बसला. हे खरं असेल? डावखुरे जगात काय कमी आहेत, आणि घाई तर सगळ्यांनाच असते... एखाद्याचा हात घसरला असेल, ठसा ठोकताना कललासुद्धा असेल. पण ठसा कलला तर सगळा पक्षी कलेल, एकटी शेपटी कशी उचलली जाईल? मला नाही कळणार तर कुणाला कळणार? मी त्या हाताशेजारी बसून शिकलोय, त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं, दोघांचे हात उलटे म्हणून रोज भांडण... कंपनीचं नाव खोटं, खोकं खोटं, पक्षीही चोरलेला, आणि या सगळ्या खोट्यात ही एक केसाएवढी रेघ खरी. इतकी खरी वस्तू आपण आयुष्यात पाहिली नाही, असं त्याला वाटलं. आणि लगेच भीती वाटली, की चाकू अस्सल निघाला तर? मग ही रेघ दादाची कुठली!

दुकानात पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती. काउंटरवर तसल्याच चाकूंचा ट्रे मांडलेला होता.

"या साहेब. काही तक्रार?"

"हा नकली आहे ना?"

दुकानदाराचा चेहरा पडला, मग ताठ झाला. "काय बोलता! शंभर टक्के ओरिजिनल. पोराबाळांची शपथ."

"तसं नका म्हणू हो." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "मला पैसे परत नकोत, भांडायचंही नाही. फक्त नकली आहे म्हणा. आणि कोण आणून देतं तेवढं सांगा."

"लोक इथं खरा म्हणा म्हणून डोकं खातात. तुम्ही पहिलेच!" दुकानदार हसला, पण हसता हसता त्यानं ट्रे अलगद काउंटरखाली ओढून घेतला. "माल येतो, आम्ही विकतो. कोण आणतो, कुठून आणतो... कशाला विचारता? पोलिसांतले आहात का?"

"नाही. मी भाऊ—" तो थांबला. कुणाचा भाऊ, कसला भाऊ, काय सांगणार? "मी ठसे करतो," तो म्हणाला.

"मग बरोबर," दुकानदार आवाज खाली आणत म्हणाला, "तुम्हाला कळणारच." आणि पुढं काही विचारायच्या आत तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, काही केल्या पुन्हा वळला नाही.

परतीचा रस्ता त्यानं कसा कापला ते त्याला सांगता आलं नसतं. उन्हात रस्ता झाडणारा माणूस, खांद्यावर शिडी घेऊन चाललेला रंगारी, दारात बसून बूट शिवणारा म्हातारा... सगळ्यांचे हात दिसत होते, नुसते हात, आणि प्रत्येक हात काहीतरी करत होता, आत्ता, या क्षणाला. इतके हात जगात चालू असतात? मग त्यातला एक डावा का नसावा? पण आईला काय सांगायचं? एका शेपटीच्या भरवशावर तिच्या पुढ्यात मुलगा आणून उभा करायचा, आणि उद्या ती शेपटी दुसऱ्याच कुणाची निघाली तर तिनं त्याला पुन्हा घालवायचं? आणि नाही सांगितलं, तर तिचं जिवंत पोर खिशात घालून आपण हिंडायचं? बाबा असते तर म्हणाले असते, अजून लोकांचीच नावं कोरतोय. कोरू दे. कोरू दे त्याला, सगळ्या जगाची नावं कोरू दे!

आई टेबलाशी सफरचंद घेऊन बसली होती. तिनं हात पुढं केला, त्यानं चाकू दिला. तिनं नख घालून पातं उघडलं—टक्!—आणि फळाचे दोन तुकडे केले. तिचा अंगठा ठशावर होता.

"मग? खरा निघाला का?"

"नाही. फसलो."

"सांगत होते मी," ती म्हणाली, आणि धारेवरून बोट फिरवत थांबली. "पण काम सुरेख आहे हो. ज्यानं केलाय त्यानं जीव ओतलाय."

तो खुर्चीत बसला. त्याला हसू फुटत होतं, आवरत नव्हतं, आणि आई त्याच्याकडे पाहत होती, हातातली फोड तशीच धरून, "काय रे? काय झालं?" सांगावं की न सांगावं ते त्याला अजून ठरवता येत नव्हतं. एवढंच कळत होतं, की मागच्या वर्षीपासून खांद्यांवर जे ओझं होतं, या घरातला एकुलता एक असण्याचं, ते कुठंतरी वाटेत उतरलं होतं, आणि आईसमोर तो धाकटा होऊन बसला होता.