नेव्हिलची चाल आणि माझी पँट

आमच्या बोटीवर दोन जाती आहेत. एक आम्ही, सबंध जगवाले. जानेवारीत साउथॅम्प्टनला चढायचं, पृथ्वीला वळसा घालायचा आणि एप्रिलअखेर पुन्हा साउथॅम्प्टनलाच उतरायचं. दुसरे ते तुकडेवाले. हे मध्येच कुठून तरी विमानाने येऊन टपकतात, दोन-तीन आठवडे आमच्या खुर्च्यांवर बसतात, 'जेवायचा हॉल कुठंय हो?' असं विचारतात आणि उतरून जातात. आम्ही त्यांच्याशी प्रेमाने वागतो. रस्ता चुकीचा सांगतो, पण हसून सांगतो.

धुलाईघरात मात्र प्रेमबिम काही नाही. आमच्या मजल्यावर मशीन तीन आणि माणसं ढीगभर. बोट भर समुद्रात असली की तिथे रोज लढाई. पेरूच्या अलीकडे एका रिटायर पाद्रीबाबांनी एका दंतवैद्याची ओली अंतर्वस्त्रं थेट कॉरिडॉरमध्ये भिरकावली, आणि वर 'देव तुमचं भलं करो' म्हणाले.

म्हणून ज्यांना अक्कल आहे ते कपडे धुतात बंदराच्या दिवशी. सगळे गाव बघायला गेले, की मशीन मोकळी. या शास्त्रात ग्लेनिस ऑक्स्टबीचा हात धरणारं कोणी नाही. बार्बाडोसला तिने पांढरे धुतले, कार्ताहेनाला रंगीत. पनामाच्या कालव्यातून बोट जात होती आणि अख्खी जनता वरच्या डेकवर तोंड वासून उभी होती, तेव्हा ही खाली टॉवेल पिळत होती.

"कसा वाटला गं पनामा?" मी विचारलं.

"एकही मशीन अडलेलं नव्हतं, विनी," ती डोळे मिटून म्हणाली. "स्वर्ग!"

तिचा नवरा नेव्हिल. माझ्याच टेबलावर जेवतो. उंच, काडीसारखा, स्कारबरोला बसची वेळापत्रकं बनवण्यात जन्म गेला. या माणसाला आयुष्यात एकच नाद, पोस्टाने बुद्धिबळ खेळायचा. समोरचा गडी वाल्पाराइसो बंदरातला, हर्नान विल्यारोएल. तरुणपणी तिथल्या एका इंग्रज जहाज कंपनीत कारकून होता, त्यामुळे इंग्रजी झकास. एका कार्डावर एक चाल. कार्ड जायला तीन आठवडे, उत्तर यायला तीन आठवडे. असं तीसेक वर्षं चाललंय. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. आणि आजवर जेवढे डाव संपले, तेवढे सगळे हर्नानने जिंकले.

नेव्हिलने ही जगाची सफर काढली ती या एका बंदरासाठी. उरलेलं जग त्याला तिकिटावर फुकट आलं होतं.

चालू डाव त्याने केबिनमधल्या टेबलावर मांडून ठेवला होता. कार्ताहेना सोडल्यावर एका सकाळी तो न्याहारी करून केबिनमध्ये गेला आणि पाचव्या मिनिटाला धावत माझ्याकडे आला. कानापर्यंत लाल.

"विनी, दिसलं! इतके दिवस समोर होतं आणि मला दिसत नव्हतं! घोड्याची एक उडी. राजाला शह, आणि पुढच्या चालीला त्याचा वजीर माझ्या खिशात!"

"मग टाक की कार्ड."

"कार्ड? वेडी आहेस का? मी ही चाल त्याच्या घरी जाऊन खेळणार. मला त्याचं तोंड बघायचंय. तीस वर्षं मला फक्त त्याचं अक्षर दिसतंय, आणि हरवताना माणसाचं अक्षर फार वळणदार येतं."

तेव्हापासून रोज जेवताना तोच विषय. हर्नानचं तोंड कसं होईल. भुवया वर जातील की खाली येतील. आमचं अख्खं टेबल त्या तोंडाची वाट बघायला लागलं.

वाल्पाराइसोला बोट लागली त्या सकाळी मी जिन्याकडे निघाले होते. तेवढ्यात ऑक्स्टबींच्या केबिनमधून किंकाळी आली. दार उघडलं तर नेव्हिल पायजम्यात.

"माझ्या पँट कुठायत?"

"धुवायला टाकल्यात," ग्लेनिस म्हणाली. "आज बंदर आहे ना?"

"सगळ्या?"

"मशीन अर्धं रिकामं कशाला फिरवायचं?"

"काळी? मेजवानीची? ती पाण्यात घालायची नसते, आत पट्टीवर लिहिलंय!"

"त्या पट्ट्या लॉन्ड्रीवाले लिहितात, नेव्हिल. त्यांचा धंदा आहे तो."

आम्ही तिघं धुलाईघरात धावलो. मशीन मधल्यामध्ये थांबलं होतं. पोटात पाणी भरलेलं, दार कुलूपबंद, आणि काचेमागे नेव्हिलच्या पाचही पँट एकमेकींच्या गळ्यात पाय घालून तरंगत होत्या. मी स्वागतकक्षाला फोन लावला. पण बंदराच्या सकाळी, प्रवासी उतरले की, कर्मचाऱ्यांची कवायत असते.

"मॅडम, आत्ता कोणी येऊ शकत नाही. आम्ही आग विझवतोय."

"अगं बाई! कुठे लागलीय?"

"कुठेच नाही, मॅडम."

शेजारच्या केबिनी ठोठावल्या. सगळे पुरुष आपापल्या पँटींसह शहरात गेले होते. नेव्हिल पलंगावर बसला. म्हणाला, "पाच वाजता बोट सुटणार. तो चौऱ्याऐंशीचा आहे, विनी. पुन्हा कुठला मी येतोय."

मग मी माझी पँट काढून आणली. म्हणजे कपाटातून. हवाईसाठी मुद्दाम घेतलेली, इलॅस्टिकची, केशरी रंगावर ताटाएवढाली जास्वंदीची फुलं. नेव्हिलने ती पाहिली, मग मला पाहिलं. माझ्या आणि त्याच्या कमरेची तोवर ओळख झालेली नव्हती. त्याने ती चढवली, पुढे मुठीत गोळा करून धरली आणि म्हणाला, "चला."

"मीपण येते," मी म्हटलं. "पँट माझी आहे. जिथे ती, तिथे मी."

ग्लेनिस मशीनकडे बघत घुटमळली. "आणि माझे कपडे इथे एकटे?"

"ग्लेनिस!" नेव्हिल ओरडला. तीस वर्षांची पोस्टाची तिकिटं त्या एका हाकेत होती. ती आली.

बंदराच्या बसने फाटकापर्यंत, तिथून चौक ओलांडून टेकडीच्या पायथ्याला. टेकडीवर रुळांवरून चढणारी डबी असते, ती नेमकी बंद. मग पायऱ्या. नेव्हिल एका हाताने पँट आणि एका हाताने कठडा धरून सुसाट सुटला. मागून मी, मागून ग्लेनिस आणि तिच्यामागे चार भटकी कुत्री, ज्यांना एवढी मोठी फुलं चालताना प्रथमच दिसत होती. वरच्या खिडकीतून एक बाई ओरडली, "हाच का तो इंग्रज?" आणि समोरच्या खिडकीतून उत्तर आलं, "नसेल गं. तो बुद्धीचा खेळ खेळतो म्हणे!"

बोटीवरच्या वर्गात शिकलेलं माझं स्पॅनिश एवढ्याला पुरलं. म्हणजे गल्लीत बातमी होती. वळणावर निळं घर, आणि दारात माणसंच माणसं. मुली, जावई, शेजारी, नळवाला. मधोमध हर्नान, बुटका, गोल, तीन तुकड्यांचा सूट आणि डोळ्यांत पाणी.

"नेव्हिल!" त्याने दोन्ही हात पसरले.

"हर्नान!" नेव्हिलनेही दोन्ही हात पसरले.

पँट खाली आली.

मग हर्नानची बहीण ओफेलिया पुढे झाली, आपल्या एप्रनची नाडी सर्रकन ओढून काढली आणि लहान मुलाला बांधावी तशी नेव्हिलच्या कमरेला करकचून बांधली. "गारठ्यातून आलाय बिचारा," ती म्हणाली. "तिकडे ऊन नसतं, म्हणून फुलं कपड्यांवर लावतात."

आत टेबलावर पट मांडलेला. दोन खुर्च्या. नेव्हिल बसला. आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे, आणि सगळ्यांची नजर हर्नानच्या तोंडावर. नेव्हिलने बोटं घोड्याकडे नेली. आणि तिथेच थांबला.

"माझा घोडा इथे का आहे?"

"मग कुठे असणार?" हर्नान म्हणाला. "ऑक्टोबरात तूच ठेवलायस." आणि त्याने कार्ड काढून दाखवलं. अक्षर नेव्हिलचंच.

"पण केबिनमध्ये तर तो शेजारच्या घरात—"

"रोमेल!" ग्लेनिस किंचाळली.

रोमेल म्हणजे आमचा केबिनवाला. सोन्यासारखा माणूस, पण त्याला काही वाकडं बघवत नाही. टॉवेलचे हत्ती करतो, टूथब्रश उंचीप्रमाणे लावतो, माझ्या गोळ्या त्याने रंगांप्रमाणे लावल्या होत्या आणि मी आठवडाभर रक्तदाबाची गोळी झोपेसाठी घेत होते. धूळ पुसताना त्याला एक घोडा रांगेतून बाहेर दिसला असणार. त्याने तो मायेने सरळ केला. आणि नेव्हिल न्याहारी करून परत आला, तेव्हा त्याला 'एकदम दिसलं'.

हर्नानला हे समजलं आणि तो हसायला लागला. सूटची बटणं धरून हसला, टेबलावर डोकं ठेवून हसला. नेव्हिल मात्र दूध नासावं तसा बसलेला. एवढे समुद्र ओलांडून आला तो दुसऱ्याचं तोंड बघायला, आणि लोक बघतायत त्याचंच.

"बरं," हर्नान डोळे पुसत म्हणाला. "चाल तुझीच आहे. खेळ."

आणि इथे खरी पंचाईत झाली. या दोघांना एका चालीला तीन आठवडे लागतात. समोरासमोर बसून खेळायची सवय कोणाला? नेव्हिल विचार करायला लागला. आम्ही एम्पनाडा, म्हणजे तिकडच्या खिम्याच्या करंज्या, खाल्ल्या. नेव्हिल विचार करत होता. आम्ही पिस्को, तिकडची द्राक्षांची दारू, प्यायलो. नळवाला एक नळ दुरुस्त करून परत आला.

"हा श्वास घेतोय ना?" ग्लेनिसने मला विचारलं.

शेवटी नेव्हिलने एक प्यादं एक घर सरकवलं. टाळ्या! मग हर्नानने हनुवटी मुठीवर टेकली.

"आता विसरा," त्याची मुलगी एलिआना म्हणाली. तिचा कांद्याचा धंदा आहे. "बाबा एका चालीसाठी अंगणात वीस दिवस फेऱ्या मारतात."

उन्हं भिंतीवरून खिडकीकडे सरकली. आणि खालून, समुद्रावरून, आमच्या बोटीचा भोंगा वाजला.

"नेव्हिल, ऊठ!"

"त्याची चाल चाललीय."

"बोट चाललीय!"

एलिआनाने दोघांना दंडाला धरून उठवलं आणि कांद्याच्या टेंपोत कोंबलं. पण हर्नान पट सोडेना. पट मांडीवर, आणि टेंपो त्या टेकडीच्या वळणांवरून दणादण खाली. मोहरे सांडू नयेत म्हणून आम्ही सगळ्यांनी ते बोटांनी जागच्या जागी दाबून धरले. माझ्या वाट्याला काळा वजीर आणि तीन प्यादी. ग्लेनिसकडे दोन उंट. ओफेलियाही चढली होती, तिने हत्ती धरला होता आणि दुसऱ्या हाताने नेव्हिलच्या कमरेची नाडी.

"माझ्या वजिरावरून अंगठा काढा, बाई, मला दिसत नाहीये!" हर्नान मला ओरडला.

"काढला तर तो कांद्यात जाईल, काका!"

फाटकाशी शेवटची बस उभी. आत फक्त प्रवासी. हर्नानला पहारेकऱ्याने अडवलं. आम्ही बसमध्ये चढलो. ड्रायव्हर निघणार, पण दोन तुकडेवाले अजून यायचे होते. लांबून दिसत होते, आइस्क्रीम खात, आरामात. जन्मात पहिल्यांदा मला तुकडेवाल्यांचा पुळका आला.

नेव्हिलने खिडकी उघडून अर्धं अंग बाहेर काढलं. हर्नानने कांद्याचं खोकं उलटं करून फुटपाथवर पट ठेवला.

"खेळ, हर्नान! आत्ता! नाहीतर राहिलं!"

हर्नानने डोळे मिटले आणि हत्ती पुढे सारला. मला वाटतं आयुष्यात प्रथमच त्याने विचार न करता काही केलं.

"उंट, डावीकडे तिरका, दोन घरं!" नेव्हिल.

ओफेलियाने उंट हलवला. हर्नानने प्यादं मारलं. नेव्हिलने हत्ती आणला. शह! राजा सरकला. पुन्हा शह! अख्खी बस खिडक्यांना लागली. ज्यांना घोडा अडीच घरं चालतो हेही माहीत नव्हतं, ते सल्ले देत होते. पाद्रीबाबा मागून ओरडत होते, "मार त्याला! मार!" तीस वर्षांत जेवढं खेळले नसतील तेवढं ते दोघं तिथे खेळले, आणि इतकं वाईट, की बघवत नव्हतं. दोघांना घाम, दोघांचे लाल कान. आइस्क्रीमवाले चढले. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

"थांबा!" सगळी बस ओरडली.

हर्नानने घाईघाईत वजीर उचलला, दणकन ठेवला, बोटं सोडली. आणि पाहिलं.

नेव्हिलच्या साध्या प्याद्याच्या माऱ्यात ठेवला होता.

भुवया वर गेल्या. तिथून खाली आल्या. मग एकच वर गेली. तोंड उघडलं, मिटलं, गाल आत गेले, आणि हळूहळू तो सगळा गोल चेहरा लहान मुलासारखा झाला, ज्याच्या हातून फुगा सुटलाय. नेव्हिल बघत होता. कार्ताहेनापासून आम्ही जे तोंड जेवताना कल्पत होतो, त्याच्यापेक्षा हे कितीतरी सरस होतं.

"बोल की!" ग्लेनिसने त्याला चिमटा काढला.

"प्याद्याने वजीर," नेव्हिल अगदी हळू म्हणाला.

हर्नानने वाकून अदबीने आपला राजा आडवा केला. बसमध्ये जो आरडाओरडा झाला त्याने बंदरावरचे पक्षी उडाले. पाद्रीबाबांनी दंतवैद्याला मिठी मारली. बस हलली. आणि हर्नान सूट सावरत, बसच्या पत्र्यावर थापा मारत, शेजारून धावायला लागला.

"पुढचा डाव! मी पांढरा! राजापुढचं प्यादं, दोन घरं!"

"उत्तर दे, नेव्हिल! उत्तर दे!" सगळे ओरडले.

नेव्हिलने डोकं आत घेतलं, खिडकी लावली, सीटवर ताठ बसला आणि माझ्या पँटीवरची कांद्याची सालं एकेक करून झटकली.

"छे, छे," तो म्हणाला. "एवढी घाई कशाला? ताहितीहून कार्ड टाकतो."