आत्याची नववी

अंबिका नववीत गेली तेव्हा तिचं वय एकोणतीस होतं, आणि त्याच वर्गात तिच्या भावाची मुलगी सुलोचना होती, चौदा वर्षांची. इंदूरच्या रामबागेत ही गोष्ट घरोघर व्हायला दोन दिवस पुरले. कुणी नाक मुरडलं, कुणी ‘चांगलं केलंस हो’ म्हणालं आणि पाठ वळल्यावर पदर तोंडाशी धरून हसलं.

झालं होतं ते असं. सातवी पास झाल्यावर अंबिकाला गौतमपुऱ्याला दिलं. नवरा, दिनानाथ, स्वभावानं गरीब आणि हौशी होता. तुला पुढं शिकवीन म्हणायचा. चौथ्या वर्षी विषमज्वरानं तो गेला. मूलबाळ नव्हतं. सासरी आणखी काही वर्षं काढल्यावर थोरला भाऊ, कृष्णराव, तिला इंदूरला घेऊन आला. कृष्णराव मिलच्या ऑफिसात कारकून. घरात त्याची बायको इंदिरा, थोरली सुलोचना आणि खाली दोन लहान मुलं. अंबिका आली आणि स्वैपाकघराचा अर्धा भार तिनं न सांगता उचलला. इंदिरा तिला ‘वन्सं’ म्हणायची, अहोजाहो करायची, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

सुलोचनाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका शांताबाई जवळच राहायच्या. सुलोचनाचा हिंदीचा निबंध वाचून त्यांनी विचारलं, हे तुला कुणी समजावलं? आत्यानं, असं कळल्यावर त्यांनी अंबिकाला बोलावून घेतलं. म्हणाल्या, नवं राज्य झालंय, भोपाळहून रोज नवीन शाळांचे हुकूम निघतायत, आणि गावोगाव शिकवायला बायका मिळत नाहीत. मॅट्रिक झालीस तर ट्रेनिंगला जाशील, मास्तरीण होशील. घरी बसून परीक्षेचे पर्चे द्यायचे म्हटलं तर गणित-इंग्रजी कोण शिकवणार? सरळ वर्गात येऊन बस.

कृष्णरावानं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, बाहेरचे लोक काय बोलायचं ते मला बोलतील, घरातलं तुमचं तुम्ही बघा. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता इंदिरानं सांगितलं, सकाळचा स्वैपाक आटपून जात असाल तर जा.

पहिल्या दिवशी अंबिका वर्गात शिरली तर सगळ्या मुली उठून उभ्या राहिल्या. शिकवायला नवीन बहनजी आल्या असंच त्यांना वाटलं. ती मान खाली घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा कुठं वर्गात खसखस पिकली. सुलोचना दुसऱ्या रांगेत होती. तिचे कान लाल झालेले अंबिकाला मागून दिसले.

घरी आल्यावर सुलोचनानं तिला अंगणात गाठलं. म्हणाली, “आत्या, शाळेत मला सुलू म्हणू नको. वर्गात माझ्याकडे बघू पण नको. आणि जाता-येता मी मैत्रिणींबरोबर जात जाईन.”

अंबिका बरं म्हणाली. चौदा वर्षांच्या पोरीला लाज वाटणारच, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, असं तिनं स्वतःला पुष्कळ समजावलं. वाईट वाटायचं ते वाटलंच.

तेव्हापासून कृष्णपुऱ्याच्या पुलावरून सुलोचना मैत्रिणींच्या घोळक्यात पुढं, आणि अंबिका एकटी मागं, अशी दोघींची रोजची चाल ठरून गेली. मुलींना हळूहळू तिची सवय झाली. त्या तिला ‘आत्याजी’ म्हणू लागल्या, तिच्याकडून हिंदीची कठीण कवनं समजून घेऊ लागल्या. इतिहास तर तिला गोष्टीसारखा पाठ व्हायचा. घोडं अडलं ते गणिताशी, त्यातही बीजगणिताशी. क्ष म्हणजे किती ते जर ठाऊकच नाही, तर त्याला इकडून तिकडे न्यायचं तरी कशाच्या भरवशावर, हे काही तिच्या गळी उतरेना. छमाही परीक्षेत ती गणितात नापास झाली.

सुलोचनाचं नेमकं उलट. गणित तिच्या हातचा मळ, आणि हिंदीचं व्याकरण म्हटलं की तिला जांभया सुटायच्या.

माघातली एक दुपार. अंबिका ताटात तांदूळ निवडत होती, शेजारी वही उघडी. मध्येच हात पुसून एक ओळ लिहायची, पुन्हा खडे वेचायची. मागं उभी राहून सुलोचना बघत होती. गणित चुकताना बघणं तिला सहनच व्हायचं नाही.

“आत्या, चिन्ह बदल ना. पलीकडे नेलं की अधिकाचं उणे होतं. वर्गात दहादा सांगितलंय.”

अंबिका म्हणाली, “वर्गात तुझ्याकडे बघायचं नाही असं ठरलंय. तू बसतेस नेमकी फळ्याच्या वाटेत. मग फळा तरी कसा बघू?”

ती हे चेष्टेनं म्हणाली होती, पण सुलोचना हसली नाही. ती खाली बसली, ताट आपल्याकडे ओढून खडे वेचू लागली, आणि म्हणाली की तू लिही, मी बघते.

त्या दिवसापासून त्या दोघी रोज बसू लागल्या. सुलोचना गणित सांगायची, अंबिका हिंदी आणि संस्कृत. सुलोचना शिकवायला बसली की मोठी करडी व्हायची. एकदा सांगितलेलं पुन्हा विचारलं की पेन्सिल आपटायची. अंबिका ते मुकाट ऐकून घ्यायची. कधी कधी तिला वाटायचं, दिनानाथ असता तर त्यानंही असंच शिकवलं असतं, फक्त पेन्सिल आपटली नसती.

रंगपंचमीला सगळी रामबाग राजवाड्यासमोरची गेर, रंग उडवत निघणारी मिरवणूक, बघायला लोटली. सुलोचनाही गेली. अंबिका ओसरीवर गणितं सोडवत बसली. दहा वर्षं झाली, रंगाच्या दिवशी तिला कुणी बाहेर बोलावत नसे, आणि तीही अपेक्षा करत नसे. पण तासाभरातच सुलोचना परत आली, नखशिखान्त गुलाबी, केसांतून पाणी गळतंय. गेर तर आत्ता रंगात आली असेल, इतक्यात का आलीस, असं अंबिकानं विचारलं. सुलोचना म्हणाली, “तुझं ते समीकरण अडलं होतं ना, तिथं उभी असताना मला सुचलं.” आणि तशीच ओल्या कपड्यांनी बसून समजावू लागली. सांगता सांगता तिचा हात अंबिकाच्या पांढऱ्या पदरावर टेकला आणि पाच बोटांचा गुलाबी ठसा उमटला. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. अंबिकानं तो आधी थोडा चोळला, मग राहू दिला. संध्याकाळी तो इंदिराच्या नजरेस पडला. ती तशीच दिवा लावायला वळली.

वर्षाखेरची सालाना परीक्षा चैत्रात आली. हिंदी, इतिहास, इंग्रजीसुद्धा ठीक गेलं. गणिताच्या पर्च्याच्या आदल्या दिवशी देवासहून इंदिराचे मामा, अप्पासाहेब, चार माणसं घेऊन आले. धाकट्या मुलीचं लग्न ठरवायला इंदूरला आले होते, भाचीकडे उतरले. इंदिरानं सुलोचनाला शेजाऱ्यांच्या माडीवर अभ्यासाला पाठवलं आणि अंबिकाला म्हणाली, वन्सं, आजचा दिवस निभावून न्या. सकाळी पुरणपोळी झाली, दुपारी फराळ, संध्याकाळी पुन्हा पंगत. चुलीपुढं बसून अंबिका मनात सूत्रं म्हणत होती, आणि अप्पासाहेबांनी तूप मागितलं की विसरत होती. इंदिराला दोष द्यावा असं तिच्या मनातही आलं नाही. पाहुणे आले की घरच्या बाईनं काय करायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पर्चा हातात आला आणि सगळी चिन्हं एकमेकांत मिसळून गेली.

रिपोर्ट एप्रिलच्या अखेरीला मिळाले. शाळेच्या मोठ्या खोलीत मुली सतरंजीवर बसल्या होत्या आणि शांताबाई एकेकीला नाव घेऊन बोलावत होत्या. सुलोचना वर्गात दुसरी आली. हिंदीत तिला कधी नव्हे इतके मार्क होते. अंबिकाच्या रिपोर्टवर गणिताखाली तांबडी रेघ होती आणि पुढं ‘पूरक’ लिहिलेलं होतं. आठ मार्क कमी. शांताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या की जुलैमध्ये त्या एका विषयाची परीक्षा पुन्हा होईल, खचू नकोस. अंबिका हसली, जागेवर येताना सुलोचनाच्या पाठीवरून हात फिरवून छान झालं म्हणाली, आणि रिपोर्टची घडी करून पदराखाली धरली.

घरी निघताना ती नेहमीसारखी मागं राहिली. ऊन रणरणत होतं. पुलापाशी आली तर सुलोचना एकटी कठड्याला टेकून उभी. मैत्रिणींना तिनं पुढं पाठवून दिलं होतं. दोघी खाली नदीकाठच्या छत्र्यांकडे, जुन्या राजांच्या समाध्यांकडे, वळल्या आणि दगडी पायरीवर सावलीला बसल्या. समोर नदीत धुणं चाललं होतं.

तिथं अंबिका रडली. गौतमपुऱ्याहून परतल्यापासून कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. सुलोचना घाबरून गेली. आत्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हेही तिला कळेना.

“मार्कांचं काही नाही ग,” अंबिका डोळे पुसत म्हणाली. “माझं सगळं अर्ध्यावरच राहतं. शाळा अर्ध्यावर सुटली, संसार अर्ध्यावर सुटला. म्हटलं होतं, एवढं एक तरी पुरं होईल. आता परत नाही यायची मी. तू दहावीत जाशील, आणि मी लहान लहान पोरींत परत नववीत बसू?”

सुलोचनाला धीर द्यायचे शब्द ठाऊक नव्हते; जे ठाऊक होतं तेच ती बोलली.

“आत्या, आठ मार्क म्हणजे दोन गणितं. फक्त दोन. ती मी करवून घेते तुझ्याकडून. आणि तू नाही आलीस तर मला पुलावर कुणाबरोबर चालायचं?”

घरी आल्यावर रिपोर्ट कृष्णरावानं पाहिले. तो कधी जास्त बोलायचा नाहीच. राहू दे, जुलैचं जुलैमध्ये बघू, एवढंच म्हणाला. इंदिरा पोळ्या लाटत होती. गणिताच्या पर्च्याचा दिवस कोणता होता, तिनं विचारलं. सुलोचनानं सांगितलं, आणि मग, जरा थांबून, हेही सांगितलं की आदल्या दिवशी अप्पाआजोबा आले होते. इंदिराचं लाटणं थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा ती एकच पोळी किती तरी वेळ लाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबिका उठून स्वैपाकघरात गेली तर चूल पेटलेली, चहाचं आधण ठेवलेलं, आणि इंदिरा कणीक मळत बसलेली. अंबिका परातीकडे हात न्यायला गेली तर इंदिरानं परात आपल्याकडे ओढून घेतली.

“तुम्ही बाहेर बसा, वन्सं. जुलैपर्यंत इकडे फिरकू नका.”

इतकं सगळं तुम्हाला एकटीला कसं जमेल, असं काही तरी अंबिका पुटपुटली. इंदिरा मान वर न करता म्हणाली, “तुम्ही नव्हता तेव्हा मी उपाशी नव्हते ठेवत कुणाला. त्या दिवशी मला एवढंसं लक्षात यायला हवं होतं. आता जा, ती पोरगी खोळंबली असेल.”

तो उन्हाळा अंबिका पुढं जन्मभर विसरली नाही. बाहेर लूच्या गरम झळा सुटलेल्या, खिडकीला ओला पडदा, आणि चटईवर सुलोचना गुरुजी होऊन बसलेली. चुकलेलं गणित ती पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची. धाकटी दोघं मधूनमधून येऊन आत्या पास झाली का विचारून जायची. कुरडया-पापड त्या वर्षी इंदिरानं एकटीनं उरकले. शेजारची जनाबाई मदतीला आली आणि नणंद कुठं आहे म्हणून खोचकपणे विचारू लागली, तेव्हा ‘त्यांचा अभ्यास चाललाय’ असं इंदिरानं अशा काही सुरात सांगितलं की जनाबाईनं गुपचूप पोलपाट पुढं ओढला. ज्येष्ठ संपता संपता एक दिवस अंबिकानं समीकरण सोडवलं, आणि क्ष ची किंमत पुन्हा घालून ते जुळतंय का तेही स्वतःच पाहिलं. सुलोचनानं हे तिला सांगितलं नव्हतं. पोरगी वहीकडे बघत राहिली आणि त्या दिवशी तिनं शिकवणीला सुट्टी दिली.

पूरक परीक्षेच्या दिवशी सुलोचना तिच्याबरोबर निघाली, दौत आपल्या हातात धरून. पुलावर तिच्या दोन मैत्रिणी भेटल्या, चल म्हणू लागल्या. “आत्याला पोचवून येते,” ती म्हणाली, आणि अंबिकाच्या शेजारून चालत राहिली. पर्चा संपेपर्यंत ती शाळेच्या निंबाखाली बसून होती.

अंबिका पास झाली. मार्क काही फार नव्हते. पण तांबडी रेघ नव्हती. शांताबाईंनी रिपोर्ट देताना सांगितलं की पालकाची सही लागते, पण तू सज्ञान आहेस, तुझी तूच केलीस तरी चालेल. घरी कृष्णरावानं ते ऐकून पेन काढलं आणि तिच्यापुढं धरलं. अंबिकानं पेन घेतलं आणि ती सरळ स्वैपाकघरात गेली.

“वहिनी, इथं सही करा.”

इंदिरा म्हणाली, मी कसली पालक, यांना सांगा. तिची शाळा चौथीत सुटली होती आणि घरातल्या कुठल्याही कागदावर तिला आजवर कुणी सही मागितली नव्हती.

“पालक तुम्हीच,” अंबिका म्हणाली.

मग इंदिरानं हात धुतले, पदराला कोरडे केले आणि पाटावर बसून कागद गुडघ्यावर घेतला. एकेक अक्षर थांबून थांबून लिहिलं. ओळ चढत चढत वर गेली आणि शेवटची दोन अक्षरं मावेनात म्हणून बारीक झाली. लिहून झाल्यावर तिनं ते लांब धरून बघितलं, बरं आलंय का विचारलं. अंबिकानं मान डोलावली. शाई वाळेपर्यंत दोघींनी तो कागद कुणाला हात लावू दिला नाही.

बाहेरून सुलोचना विचारत होती की दहावीचं बीजगणित उद्यापासून सुरू करायचं की परवापासून.

“परवापासून,” इंदिरानं आतूनच सांगितलं. “उद्या त्या माझ्याबरोबर लोणच्याच्या कैऱ्या फोडणारेत.”