चौथ्या मुद्द्यानंतर

"बाई, एक वाजला. पेपर द्या," असं म्हणत पर्यवेक्षक आदिनाथ सरांनी थेट उत्तरपत्रिकेचा कोपराच धरला.

दुसरा कोपरा माझ्या हातात होता. शेजारी रेणुका बसली होती, मान किंचित वर करून, उत्तर मनात जुळवत. तिला जन्मापासून दिसत नाही. ती सांगते, मी लिहिते. कॉलेजच्या भाषेत मी तिची लेखनिक. एरवी मी त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुणारी धम्मशीला, दर अकरा महिन्यांनी नेमणुकीच्या नव्या कागदासाठी ऑफिसचे उंबरे झिजवणारी.

"सर, हिला दोन वाजेपर्यंत टाइम हाय. तासाला वीस मिनिटं जास्तीची असतेत," मी म्हणाले.

"तिकडं पेपरांचे गठ्ठे सील करायलेत. जीप कवाची थांबलीय. एका पोरीसाठी सगळं अडवून धरू का?"

सर वाईट माणूस नाहीत. सकाळपासून तेही उपाशीच होते. पण याच विषयाला, लोकप्रशासनाला, याआधी दोन वेळा असाच एकच्या ठोक्याला पेपर ओढला गेला होता आणि दोन्ही वेळा रेणुका नापास झाली होती. बाकीचे सगळे विषय सुटले होते. हा सुटला की ती बी.ए. होणार. नाही सुटला तर तिच्या वडिलांनी, लिंबाजींनी, स्पष्ट सांगून टाकलं होतं, "लय झालं शिक्षण, आता घरी बस." त्या दोन्ही वेळा लेखनिक मीच होते, आणि मीच मुकाट्याने पेपर देऊन टाकला होता. त्याची मला आजही लाज वाटते.

म्हणून या वेळी तयारीने आले होते. पर्समधून जास्तीच्या वेळेचं परिपत्रक काढून टेबलावर ठेवलं. साधी झेरॉक्स नव्हे, गंगाखेडच्या बसस्टँडसमोर लॅमिनेशन करून आणलेलं. कागद फाडता येतो, हे कुणाला फाडता येणार नव्हतं.

"वाचा सर. आन् पेपर घ्यायचाच असंल तर तसं लिहून द्या, एक वाजता ओढून घेतला मनून. खाली सही करा. मी आत्ता सोडते."

सरांनी परिपत्रक उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. "बाई, तुमची ऑर्डर पुढच्या महिन्यात संपायलीय. ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय. तवर तर लिहू द्या."

सरांनी कोपरा सोडला. खुर्ची ओढून ते दारात जाऊन बसले. दारावर 'दिव्यांग कक्ष' अशी पाटी आहे आणि आत व्हॉलीबॉलच्या जाळ्या, भाले आणि आम्ही दोघी. माझी छाती फुगली होती.

शेवटचा प्रश्न होता ग्रामसभेच्या कार्यांचा. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा असा नियम आहे. बारावी पास मी त्यात बरोबर बसते. अकरा वर्षांत सहा जणांचं बी.ए. मी लिहून काढलं, स्वतःचं एकही नाही. हे उत्तर तर चार वेळा लिहिलेलं. मुद्दे आठ. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

रेणुकाने चार मुद्दे सांगितले आणि ती थांबली. कपाळाला आठ्या घालून आठवत बसली. माझा हात मात्र थांबला नाही. पाचवा मुद्दा लिहिला, सहावाही लिहिला. जिंकल्याचा ताव होता अंगात. सरांना नमवलं, आता पेपरला कशाला सोडायचं?

"ताई, मी गप हाय. पेन कामून चालायलाय?"

"अक्षर नीट करायले."

"इतक्या ओळी? वाचा बरं."

खोटं वाचता आलं असतं. तिला काय दिसणार होतं? पण ती मान कलती करून ऐकत होती आणि ते मला जमलं नाही. दारातल्या सरांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू मी वाचलं.

"हे मी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

"पण बरोबर हाय की गं. दोनदा नापास झालीस. याच्यावरच सुटंल पेपर."

"सुटंल. मंग पास कोण झालं, मी का तुमी? गावात मनतेतच, हिला काय येतंय, लिहिणारीच पास करायलीय. त्यांना खोटं पाडायला बसलेय मी इथं. खोडा."

"रेणुका, येडेपणा करू नकोस. हे शेवटचं हाय."

"खोडा, ताई."

मला राग आला. हिच्यासाठी नोकरी पणाला लावली आणि हिच्याकडूनच हे ऐकायचं? शिवाय खरं सांगते, इतकं नेटकं उत्तर मी आजवर लिहिलं नव्हतं. मग मी पट्टी घेतली आणि एकेक ओळ खोडत गेले. सात ओळी होत्या. सातवी खोडताना मात्र मान खाली गेली, कारण पोरीचं बरोबर होतं.

पुष्कळ वेळाने तिला आणखी एक मुद्दा आठवला, तोही अर्धाच. मी अर्धाच लिहिला.

"किती वाजले, ताई?"

"दोनला पाच कमी."

सर उठून आले. "झालं का लिहून?"

"झालं," रेणुका म्हणाली.

सरांनी हात पुढे केला. त्याआधीच तिने दोन्ही तळवे उत्तरपत्रिकेवर पसरले होते.

"अजून पाच मिनिटं हायेत, सर."

"आता काय लिहायचं राहिलंय?"

"काईच न्हाई. पर टाइम माझा हाय."

सर माझ्याकडे पाहू लागले. मी पेनाला टोपण लावलं, खुर्ची तिच्याजवळ सरकवली, आणि दोन वाजेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.