जुनी आणा, नवी न्या

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी गोदामातला सात नंबरचा जॅक एका बाजूला कलला. त्यावरचे पातळ साबणाचे पिंप घसरले आणि ओढणाऱ्या हमालाच्या उजव्या पावलावर पडले. त्या वेळी मी तिथून बारा पावलांवर, स्टोअरच्या तिसऱ्या खणात होते.

मित्रांनो, मी एक जुनी पिन आहे. जुनी, पण एकदाही न वापरलेली. जॅक म्हणजे जड माल जमिनीपासून वीतभर उचलून ओढत न्यायची गाडी. तिच्या पोटाखाली दांड्यांचे सांधे असतात; ते सांधे माझ्यासारख्या बोटाएवढ्या पिना धरून ठेवतात. मला लेथवर कातले, भट्टीत लाल केले, तेलात बुडवले. तपासनीसाने माप घेऊन मान डोलावली. माझे झालेले कौतुक एवढेच. मग ग्रीस, कागद आणि तीन वर्षे अंधार.

स्टोअरमध्ये नियम होता: जुनी पिन जमा करा, नवी न्या. पूर्वी पिना गायब होत, म्हणून साहेबांनी तो केला होता.

गेल्या आठवड्यात सात नंबरची झिजलेली पिन चालता चालता निसटली. फिटरने अर्धा दिवस जमिनीवर पालथे पडून शोधली. शेवटी तो स्टोअरच्या खिडकीशी आला.

"काका, पडली कुठेतरी. द्या ना नवी."

"तिला काय पाय फुटले?" स्टोअरवाले काका म्हणाले. "जुनी आण, लगेच देतो. माझ्या हातात असतं तर मूठभर दिल्या असत्या."

काका वाईट नव्हते. त्यांनी खण ओढून मला पाहिलेही. मग तो लावून टाकला.

बाहेर माल खोळंबला होता. फिटरने सांध्यात साधा बोल्ट ठोकला आणि ओढणाऱ्याला बजावले, की दोन दिवस हलकाच माल घे. ओढणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. तो हसून म्हणाला, "दादा, तू लावलंयस ना? मग झालं."

दोन दिवसांचे आठ झाले. बोल्ट मऊ लोखंडाचा, आज तुटला.

साडेअकराला सांडलेला साबण धुताना झाडणाऱ्या मावशींना गटाराच्या जाळीत ती जुनी पिन सापडली. त्यांनी ती काकांच्या टेबलावर ठेवली. काकांनी ती वहीत जमा करून घेतली. मग त्यांनी खण उघडला, माझा कागद सोडला आणि मला तिच्या शेजारी ठेवले. नियम पाळला गेला.

मित्रांनो, झिजलेली वस्तू वेळेवर बदला, एवढीच माझी विनंती आहे. ती नऊच्या आधी करायला हवी होती. पण खणातल्या पिनेचे ऐकतो कोण?

दुपारी तीनला दवाखान्यातून फोन आला. पाऊल ठेवायचे की काढायचे, ते डॉक्टर संध्याकाळी सांगणार आहेत. धाकट्याने शुद्धीवर येताच आधी विचारले ते हे, की दादाला कोणी बोल लावला का. दादा बाहेर बाकावर बसून आहे. आत जात नाही.

सात नंबर अजून कललेलाच आहे. मला बसवणारा दुसरा फिटर इथे नाही.